पहिल्या मिनिटाचे गुण

आमच्या घरात कागद टाकून दिले जात नाहीत. ३५ वर्षं बँकेत काढलेल्या बाईच्या घरी ते टाकले जातील तरी कसे? विजेची बिलं, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, फ्रिजची कधीच संपलेली गॅरंटी, सगळं नीट लावलेलं असतं.

गेल्या वर्षी लेकीला सातवा लागला तेव्हा तिच्या डॉक्टरबाईंनी तपासताना सहज विचारलं, “तुमच्या स्वतःच्या जन्माच्या वेळी काही अडचण आली होती का?” लेकीनं घरी येऊन मला विचारलं. मी कपाटाच्या खालच्या खणातली, नाडीनं बांधलेली फाइल काढली. तिच्यात १९८८ सालचं, कडा पिवळ्या पडलेलं डिस्चार्ज कार्ड होतं. स्त्री अपत्य. वजन २ किलो ६०० ग्रॅम. त्याखाली बॉलपेननं लिहिलेली एक ओळ : अपगार ४/१०, ८/१०.

लेक आकडे पाहून म्हणाली, “आई, म्हणजे मी जन्मतःच नापास?” आणि हसली. मला हसू आलं नाही. हाच प्रश्न मी तिला कळू न देता ३६ वर्षं मनात बाळगला होता.

पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी गेले होते. गाव तालुक्याचं, प्रसूतिगृह आठ खाटांचं. पहाटे बाळ झालं आणि खोलीत एकदम शांतता पसरली. इतका वेळ “जोर करा, जोर करा” म्हणणारी माणसं गप्प झाली. बाळ बाजूच्या टेबलावर नेलं. मला नर्सची पाठ दिसत होती आणि तिच्या कोपराखालून लोंबणारा एक जांभळा पाय. डॉक्टरांनी हलक्या आवाजात रबरी पिशवी मागितली. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा एक फेरा पूर्ण करून दुसऱ्यात शिरला, तो संपायच्या आत मांजराच्या पिल्लासारखा एक चिरका आवाज आला. घरी सोडताना मी डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, “काही नाही हो, जरा उशिरा रडली.” कार्डावरची ओळ मी वाचली होती, पण तिच्याबद्दल विचारायचा धीर झाला नाही.

पाचवीच्या आदल्या दिवशी सासूबाई बाळ बघायला आल्या. कुंची बाजूला करून त्यांनी पहिल्यांदा कानाची पाळी उलटून पाहिली. बाळाचा पुढचा रंग कानाच्या पाळीवर आधीच उमटलेला असतो, हे शास्त्र आपल्याकडे प्रत्येक आजीला अवगत असतं. म्हणाल्या, “नाकी-डोळी नीटस आहे हो. रंग मात्र आमच्याकडचा नाही आला.” बाळंतिणीनं काय बोलायचं? त्यांनी तो जांभळा पाय पाहिला नव्हता.

सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि दौत-लेखणी ठेवायची आपली रीत. माझी समजूत अशी झाली, की सटवाईनं माझ्या लेकीचं पहिल्याच मिनिटाला लिहून टाकलं होतं, तेही बॉलपेननं, दहापैकी चार. लेक पंधराव्या महिन्यात चालली, तेव्हा मला ४ आठवला. सतराचा पाढा येईना, तेव्हा ४ आठवला. गणितात ती शेवटपर्यंत मध्यमच राहिली. पण माझ्या नवऱ्याच्या घराण्यात सगळेच मध्यम आहेत, त्यांचे गुण कोणी मोजले होते?

अपगार हे एका बाईचं आडनाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. मी ती इंग्रजी आद्याक्षरं समजत होते. (१९६०च्या दशकात एका डॉक्टरनं विद्यार्थ्यांना लक्षात राहावं म्हणून तशी जुळवलीही.) व्हर्जिनिया अपगार, जन्म १९०९, अमेरिकेत न्यू जर्सीत. शिकल्या सर्जन होण्यासाठी, पण बाईला सर्जन म्हणून काम मिळणं अवघड, म्हणून वरिष्ठांनी त्यांना भूलशास्त्राकडे वळवलं. १९४९ साली त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. बाळंतिणींना भूल देता देता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. बाळ बाहेर आलं, की सगळ्यांचं लक्ष आईकडे. ते निपचित असलं, तर ‘अशक्त आहे, जगायचं नाही’ असं म्हणून पुष्कळदा सोडून दिलं जाई. निदान एक मिनिट तरी कोणीतरी बाळाकडे बघावं, याची सोय त्यांना करायची होती. एका विद्यार्थ्यानं नवजात बाळ कसं तपासायचं असं विचारलं, तेव्हा त्यांनी हाती आलेल्या कागदावर पाच मुद्दे खरडले, अशी हकिकत सांगतात. १९५३ साली ते छापून आले.

हृदयाचे ठोके, श्वास, हातापायांतला जोर, डिवचल्यावर बाळ तोंड वाकडं करतं का, आणि रंग. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. ठोके मिनिटाला शंभराच्या वर असले तर दोन, खाली असले तर एक. पहिल्या मिनिटाला एकदा मोजायचं. पुढे पाचव्या मिनिटालाही मोजायची पद्धत पडली.

बँकेच्या भाषेत सांगायचं, तर ही त्या क्षणाची कॅश मोजणी आहे. गिऱ्हाइकाची पत नव्हे. पेटीत आत्ता किती आहेत, एवढंच ती सांगते. एकट्या अपगारच्या आकड्यावरून एखाद्या मुलाच्या बुद्धीचं वा भविष्याचं भाकीत करू नये, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनांनी पुनःपुन्हा बजावलं आहे. मी आपली पहिला आकडा धरून बसले आणि त्याच ओळीतला ८ मला दिसलाच नाही. जमाखर्चात एक बाजू वाचणाऱ्या कारकुनाला मी खडसावलं असतं.

त्या चाराचा आठ झाला तो रबरी पिशवीनं. श्वास न घेणाऱ्या बाळासाठी डॉक्टर गुणांची बेरीज करत थांबत नाहीत; ते आधी पुसतात, चोळतात, मग मुखवटा लावून हवा देतात. आणि ही विद्या इस्पितळातच राहायला हवी असंही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं १९९०च्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळ तपासायला, गुदमरलेल्याला हवा द्यायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिथले नवजात बाळांचे मृत्यू हजारी ६२ वरून २५च्या घरात आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं.

अपगारबाईंच्या पाच मुद्द्यांत सगळ्यात घोटाळ्याचा मुद्दा रंगाचा, आणि हे त्यांनी स्वतःच पहिल्या लेखात कबूल केलं होतं. बहुतेक बाळं मिनिटभराची असताना अंगानं गुलाबी झाली तरी हातपाय निळेच असतात. आईच्या पोटात रक्तात प्राणवायू कमीच असतो. पहिल्या मिनिटाला निरोगी बाळातही तो साठ-पासष्ट टक्क्यांपर्यंत असतो, नव्वदीच्या आसपास जायला दहाएक मिनिटं लागतात. त्यातून सावळ्या कातडीवर गुलाबी ओळखायचा कसा? म्हणून जीभ, ओठ, तोंडाच्या आतली बाजू बघायची. कानाच्या पाळीचं नाव त्यात कुठेही नाही.

तसं पाहिलं, तर ताजं बाळ सुंदर नसतंच. अंगाला लोण्यासारखा पांढरा लेप, खांद्यावर लव, पापण्या सुजलेल्या, डोकं वाटेत दबून दुधीभोपळ्यासारखं लांब झालेलं. ते आपोआप गोल होतं. आमच्याकडच्या मालीशवाल्या बाईला मात्र ते स्वतःच्या तळव्यांचं कर्तृत्व वाटे. कमरेखाली निळसर डाग असतो, तो मार लागल्याचा नसतो आणि काही वर्षांत जातो. तान्ह्या बाळांची, मुलग्यांचीसुद्धा, छाती सुजते, कधी दुधासारखा थेंब येतो; तो आईच्या संप्रेरकांचा परिणाम. पिळायची नाही. आमच्या वेळी पिळत असत. पहिल्या आठवड्यात वजन घटतं आणि दोनेक आठवड्यांत भरून येतं, पण तेवढ्यात घरातल्या बायका आईच्या दुधाला नावं ठेवून मोकळ्या होतात.

असो. नात झाली ती पुण्याच्या एका इस्पितळात. बाळाचे डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “छान आहे. पहिल्या मिनिटाला नऊ. एक गुण रंगाचा गेला.”

विहीणबाई एकदम पुढे झाल्या. “रंगाचा गेला? म्हणजे सावळी आहे का?”

“हातपाय निळे होते हो,” डॉक्टर म्हणाले. “बहुतेक सगळ्यांचाच जातो तो गुण.”

मी विहीणबाईंकडे अशा नजरेनं पाहिलं, की जणू माझं सगळं आयुष्य अपगारबाईंच्या हाताखाली गेलं. संध्याकाळी त्या घरी गेल्या. जावई औषधं आणायला गेला होता, लेकीचा डोळा लागला होता. पाळण्यात नात तोंडाचा चंबू करून झोपली होती. मी तिचे पाय पाहिले. गुलाबी होते, दोन्ही. श्वास मोजले. मग माझा हात कधी टोपड्याकडे गेला ते कळलं नाही. नाडी सैल करून मी कानाची पाळी हळूच उलटली.

“आई, काय बघतेस?” लेकीनं डोळे उघडले होते.

“काही नाही गं,” मी म्हणाले, “टोपडं सारखं करतेय.”