चौकट : विहिरीवर सौरपंप, पैसे कुणाचे?

सांगली जिल्ह्यातल्या विट्याच्या माळावर ऊन फुकट आहे, पंप मात्र फुकट नाही. राज्याच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. केंद्राची ‘कुसुम’ योजना २०१९ची. तिच्या मूळ आखणीत शेतकऱ्याचा वाटा ४० टक्के होता, त्यातला किमतीच्या ३० टक्क्यांपर्यंतचा भाग बँकेच्या कर्जातून. फरक लहान नाही!

राज्याच्या योजनेत पंप जमिनीप्रमाणे मिळतो : अडीच एकरांपर्यंत ३ अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे साडेसात. विहीर, बोअर, शेततळे असा पाण्याचा खात्रीचा स्रोत हवाच. पाणीच नसेल तर पॅनेल नुसते तापणार. दुरुस्तीची हमी ५ वर्षांची, विम्यासह. पॅनेलवरची धूळ मात्र सकाळी आपणच पुसायची.

सौरसंचाचे पैसे हप्त्यांनी घेण्याची वाट इतर देशांनी धरली. बांगलादेशाने २००३पासून घरगुती सौरसंच हप्त्यांवर दिले. ४० लाखांहून अधिक घरांत ते पोचले. केनियात मोबाइलवरून रोजचा हप्ता भरला की दिवा चालू, थकला की बंद. आपल्याकडे रोजचा हप्ता नाही, पण १० टक्के एकरकमी लागतात. ज्याचा भाऊ गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परमुलखात आहे त्याला ते जमते. एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढेही जड जातात.

अर्ज महावितरणच्या पोर्टलवर. हिस्सा तिथेच भरा, पावती घ्या. मध्यस्थाच्या हाती रोकड देऊ नका.