दहा थेंबांचा भरवसा किती?

सिंहस्थाच्या बैठका, मलजल केंद्रांच्या निविदा आणि तपोवनातली झाडे यांवर नाशिककरांनी इतके वाचले आहे की त्यात इथे भर घालायला नको. २ ऑगस्ट २०२७ रोजी पहिले अमृतस्नान होईल तेव्हा रामकुंडातले पाणी कसे असेल, हा प्रश्न मात्र आता बैठकांपुरता राहिलेला नाही. तो घरातल्या मोरीपर्यंत आला आहे. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि बचत गटांच्या स्टॉलवर फिनाइलला पर्याय म्हणून घरगुती क्लीनरच्या कृती फिरत आहेत. लेमनग्रास, टी ट्री, नीलगिरी, लव्हेंडर अशी नावे बदलतात, पण कृती साधारण एकच असते. लिटरभर पाणी, थोडे व्हिनेगर आणि वरून इसेन्शियल ऑइलचे दहा थेंब. बाटली हलवायची, फवारायचे, पुसायचे.

यामागची भावना मोलाची आहे. फरशी पुसलेले पाणी मोरीतून जाते आणि जिथे गटार नीट जोडलेले नाही तिथे ते नाल्यात उतरते, तिथून नासर्डी किंवा वाघाडीत आणि शेवटी गोदावरीत. आपल्या घरातून नदीत काय जाते याचा विचार करणारी माणसे वाढत आहेत, हे शहराचे भाग्यच. पण म्हणूनच या कृतीची नीट तपासणी व्हायला हवी. माझे मत आधीच सांगून टाकते: या बाटलीत सफाईचे काम तेल करत नाही. ते काम साबण, पाणी आणि घासणारा हात करतो. तेल ठेवावे सुवासासाठी आणि दोन-तीन नेमक्या कामांसाठी. आणि घ्यायचेच तर दूरदेशीचे कशाला, आपल्या डोंगरातले घ्यावे.

आधी हिशेब पाहू. साधारण वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. म्हणजे दहा थेंब अर्धा मिलिलिटर. लिटरभर पाण्यात त्याचे प्रमाण पडते ०.०५ टक्के. टी ट्री तेलाने ई. कोलाय किंवा स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूंची वाढ रोखायची तर प्रयोगशाळेत साधारण पाव ते अर्धा टक्का तेल लागते, म्हणजे पाच ते दहापट. तेही तेल द्रवात पूर्ण मिसळलेले असताना आणि जिवाणूंशी त्याचा संपर्क बराच वेळ राहिला असताना. घरच्या बाटलीत तर तेल पाण्यावर तरंगते. फवाऱ्याची नळी तळातून पाणी ओढते, त्यामुळे बराच काळ नुसते सुवासिक पाणी उडते आणि तळाशी आल्यावर नळीत जवळजवळ निव्वळ तेल येते. नेमके तेच हाताला लागते आणि कातडी लाल होते.

टी ट्रीची ख्याती खोटी नाही. सिडनीतल्या आर्थर पेनफोल्ड या रसायनतज्ज्ञाने १९२० च्या दशकात हे तेल तपासले आणि जंतू मारण्यात ते कार्बोलिक अ‍ॅसिडच्या अकरापट प्रभावी असल्याचे सांगितले. ही तुलना करण्याची पद्धत रिडील आणि वॉकर यांनी १९०३ मध्ये घालून दिली होती आणि आपल्याकडच्या काळ्या फिनाइलची प्रत आजही त्याच गुणकावर ठरते. पण पेनफोल्डचा आकडा मोजून पातळ केलेल्या तेलाचा आहे, बादलीत अंदाजाने टाकलेल्या थेंबांचा नाही. या कृती लिहिणारे आकडा उचलतात आणि मात्रा विसरतात.

या साऱ्यात एक गोष्ट नजरेआड होते. मराठी घरांत झाडाच्या तेलाने फरशी पुसणे काही नवे नाही. पांढरे फिनाइल म्हणजे मुख्यतः पाइन ऑइल आणि त्याला पाण्यात पसरवणारा साबणी पदार्थ. चीड वृक्षाच्या डिंकापासून टर्पेंटाइन निघते आणि त्यापासून पाइन ऑइल तयार करतात. देवघरात जाळतो तो बहुतेक कापूरही आज त्याच टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. फिनाइल पाण्यात पडताच पाणी दुधासारखे होते आणि आपल्याला वाटते की माल कडक आहे. प्रत्यक्षात तेलाचे बारीक कण प्रकाश विखुरतात म्हणून ते पांढरे दिसते. जंतू मारण्याच्या ताकदीशी त्या पांढरेपणाचा संबंध नाही. दारावर येणारे सुटे फिनाइल त्या रंगावर घेणे म्हणूनच फसवणूक करून घेणे आहे.

वनस्पतीजन्य द्रव्यांपैकी जंतुनाशक म्हणून ज्याची बाजू खरोखर भक्कम आहे ते आपल्या मिसळणाच्या डब्याशेजारीच असते. ओव्याच्या तेलात थायमॉल भरपूर असते. पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई आणि तिथे त्याचे थायमॉल काढत. आज अमेरिकेत थायमॉलवर आधारलेली जंतुनाशके सरकारी नोंदणी घेऊन विकली जातात. मात्र तिथेही थायमॉल साबणी द्रव्यात नीट विरघळवलेले असते आणि पृष्ठभाग काही मिनिटे ओला ठेवावा अशी स्पष्ट सूचना असते. फवारले आणि लगेच पुसले, तर पैसे वाया.

व्हिनेगरबद्दल मात्र मला काळजी वाटते. ओट्यावरचा कडप्पा आणि जुन्या घरांतली शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. आम्ल त्यांना खाते. सहा महिने रोज व्हिनेगरने ओटा पुसला तर त्याची झिलई जाते, दगड खरखरीत होतो आणि त्यात तेलकटपणा मुरायला लागतो. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याची कृतीही फार लोकप्रिय आहे. त्यात फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरते बहुतांश मिठासारखे निरुपद्रवी पाणी. दोघांनीही एकमेकांचे काम संपवलेले असते. आम्लाची खरी जागा बोअरच्या पाण्याने नळावर आणि टाइल्सवर चढलेल्या क्षारांवर आहे, किंवा तांब्या-पितळेवर. तांबट आळीच्या या शहराला चिंच, लिंबू आणि मिठाने भांडी उजळणे कोणी शिकवायला नको.

आता तेलाविषयी, आणि इथे थोडे थांबायला हवे, कारण हा इतिहास आपल्या शेजारचा आहे. सटाण्याहून ताहाराबादमार्गे वर गेले की धुळे जिल्ह्यातले पिंपळनेर लागते. एकोणिसाव्या शतकात पिंपळनेर, नंदुरबार, तळोदा, शहादा या खानदेशी पट्ट्यात रोशा गवताचे तेल काढले जाई. वाफ थंड करायला वाहते पाणी लागते, म्हणून भट्ट्या ओढ्याच्या काठावर लावत. रोशाचे दोन प्रकार आहेत. डोंगरउतारावर, पाण्याचा निचरा होणाऱ्या कोरड्या जमिनीत येतो तो मोतिया. सखल, ओलसर जागेत येतो तो सोफिया. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल हे गुलाबाच्या वासाचे द्रव्य साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त असते. सोफियाचा वास उग्र, आल्याकडे झुकणारा.

हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातल्या बंदरांमार्गे कॉन्स्टँटिनोपलला पोहोचे आणि तिथून बल्गेरियाच्या गुलाबाच्या अत्तरात त्याची भेसळ होई. इतकी की युरोपच्या बाजारात खानदेशच्या या तेलाला ‘तुर्की जिरेनियम तेल’ असे नाव पडले. म्हणजे युरोपातल्या श्रीमंत घरांत गुलाब म्हणून जो वास दरवळत होता, त्यातला काही भाग आपल्या डोंगरउतारांवरच्या गवताचा होता. पुढे साबण कारखान्यांनी जिरॅनिऑलसाठी रोशाला मोठी मागणी दिली, आणि आज पामरोझा या नावाने तेच तेल छोट्या बाटलीतून ऑनलाइन विकले जाते. ज्या पट्ट्यात ते पिकले तिथल्या घरांत मात्र परदेशी लव्हेंडरची चौकशी होते. लव्हेंडरशी माझे वैर नाही, जम्मूतल्या भद्रवाहच्या शेतकऱ्यांनी त्यातून चांगले उत्पन्न उभे केले आहे. पण बाजारात लव्हेंडर म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटलीत बहुधा कृत्रिम सुगंध असतो. रोशा, गवती चहा आणि सिट्रोनेला यांचे खरे तेल भारतात भरपूर निघते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सीएसआयआरच्या अरोमा मिशनने त्यांची लागवड वाढवली आहे. तरीही शंभर किलो ताज्या गवतातून जेमतेम अर्धा किलो तेल मिळते, हे लक्षात असले म्हणजे ते बादलीत ओतताना हात आखडता राहील.

आता धोक्याची बाजू. बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातले मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. थॉमस मॅथ्यू यांनी काही वर्षे एक साधा प्रश्न चिकाटीने विचारला: फीट आलेल्या रुग्णाने त्याआधी कोणते तेल किंवा बाम वापरला होता? त्यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिल्यांदा फीट आलेले किंवा औषध चालू असताना पुन्हा फीट आलेले ३५० प्रौढ रुग्ण होते. त्यांपैकी ५५ जणांच्या बाबतीत नीलगिरी किंवा कापूर यांसारख्या तेलांशी संबंध आढळला. कोणी हुंगले होते, कोणी चोळले होते, कोणी पोटात घेतले होते. फरशी पुसून फीट येते असा याचा अर्थ मुळीच नाही. पण सर्दी झाली की वाफाऱ्यात नीलगिरी टाकणाऱ्या आपल्या घरांसाठी ही माहिती फार महत्त्वाची आहे, आणि डॉक्टरांनी रुग्णाला हा प्रश्न विचारण्याची सवय आपल्याकडेही लागायला हवी. लहान मुलाने चमचाभर नीलगिरी तेल प्यायले तरी झटके येऊ शकतात. सुगंधी, रंगीत लेबलाची बाटली सिंकखाली मुलांच्या हाताशी ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. घरात मांजर असेल तर अधिक जपावे. अशी द्रव्ये निकामी करणारी यकृतातली एक प्रक्रिया मांजरात फार दुबळी असते आणि फरशीवरचे तेल ती पंजे चाटून पोटात घेते.

संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचीही गोष्ट सांगायला हवी. चिकट लेबल, एक्झॉस्ट फॅनवरचा थर, डब्याचा जुना तेलकटपणा काढायला ते खरोखर उत्तम. सुगंधी तेल सफाईचे काम स्वतः करते अशी ही जागा. नीलगिरीही इथे चालते. मात्र ही तेले पेट घेतात, म्हणून गॅस बंद करूनच वापरावीत. आणि बंद खोलीत त्यांचा वास कोंडू देऊ नये, कारण हवेतल्या ओझोनशी लिमोनीनचा संयोग होऊन फॉर्मल्डिहाइड तयार होते.

आणि नदी? जे झाडातून आले ते माशांना चालेल, असे मानणे चूक आहे. लिमोनीन जलचरांना घातक द्रव्यांच्या यादीत आहे. रिठ्याच्या फेसाने मासे गुदमरतात आणि पूर्वी मासे पकडायला ओढ्यात असाच पाला-फळे टाकत. फरक इतकाच की ही द्रव्ये लवकर कुजून संपतात आणि म्हणून मात्रा कमी असली तर नदी ती सोसते. पश्चिम जर्मनीतल्या नद्या १९५० च्या दशकात डिटर्जंटच्या फेसाने झाकल्या जात होत्या, कारण तेव्हाचे रसायन जिवाणूंना पचत नव्हते. १९६१ मध्ये तिथे कायदा झाला, कारखान्यांना रसायन बदलावे लागले आणि फेस उतरला. घराघरांतल्या निवडीने ते घडले नव्हते. आपल्याकडेही नाल्याचे पाणी आगर टाकळी आणि तपोवनच्या केंद्रांपर्यंत पोहोचवणे हे महापालिकेचेच काम आहे आणि ते तिच्याकडून करून घ्यायला हवे. माझ्या बाटलीत रोशा आहे म्हणून तिची जबाबदारी कमी होत नाही.

मग घरी काय करावे? रोजच्या फरशीला बादलीभर पाण्यात चमचाभर द्रव साबण पुरतो. दहा-पंधरा रिठे रात्रभर भिजवून, उकळून गाळलेले पाणीही चालते, फक्त ते दोन-तीन दिवसांत संपवावे. वास हवा असेल तर रोशा किंवा गवती चहाच्या तेलाचे चार-पाच थेंब आधी त्या साबणात कालवावेत आणि मग पाणी घालावे, म्हणजे तेल तरंगत नाही. दारात गवती चहा असेल तर त्याच्या जून पाती उकळलेल्या पाण्यानेही मन प्रसन्न होते. घरात कोणाला कावीळ, जुलाब किंवा उलट्या असतील तेव्हा मात्र सुगंधी तेलावर विसंबू नका. पाच टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात वीस मिलिलिटर घाला, जागा दहा मिनिटे ओली ठेवा, खिडक्या उघडा, आणि त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेटचे अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तेल विकत घेताना बाटलीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव पाहा. रोशासाठी ते सिम्बोपोगॉन मार्टिनी असे असते. नाव नसेल तर ती बाटली दुकानातच राहू द्या.