गोधड्यांचें संग्रहालय

अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत, ओहायो व टेनेसी या नद्यांच्या संगमावर, पडूका नांवाचें लहानसें शहर आहे. तेथें १९९१ सालीं उघडलेलें गोधड्यांचें संग्रहालय आम्हीं पाहिलें. पांघरावयाची वस्तु भिंतीवर टांगलेली, आणि तिला हात लावण्याची मनाई!

तिकडे गोधडीस ‘क्विल्ट’ म्हणतात. तुकडे जोडून केलेलें वरचें कापड, मधला कापसाचा थर व खालचें अस्तर अशीं तिचीं तीन अंगें. मधला थर सरकून गोळा होऊं नये म्हणून तिन्हींतून टांके घालतात. म्हणजे जी नक्षी आपण शोभा समजतों ती मूळची गरज होय. याच संग्रहांतील कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणाच्या क्विल्टास १९८९ सालीं त्या शहराच्या प्रदर्शनांत सर्वोच्च पारितोषिक मिळालें. तिचे टांके यंत्रावरचे होते. तोंवर हा मान हातटांक्यासच मिळत असे.

आमची आजी कापूस घालीत नसे. जुनीं लुगडीं एकावर एक पसरून ती कडेपासून मध्यापर्यंत धांवदोरा घाली. तिच्यामागें तिचीं लुगडीं कोणीं शिवलीं नाहींत. आम्हीं तीं बोहारणीस देऊन एक पातेलें घेतलें. पातेलें अद्याप घरांत आहे.