लिहिण्याआधी हात घडू द्या

रोवणीच्या दिवसांत ब्रह्मपुरीच्या आसपासच्या गावांत दोन मुले हमखास दिसतात. एक सकाळी ‘कॉन्व्हेंट’च्या गाडीत दाटीवाटीने बसलेले. वय साडेतीन वर्षे, दप्तरात चार रेघांची वही. दुसरे त्याच वयाचे, आईसोबत बांधीवर आलेले. बाया पऱ्हे रोवत असतात आणि हे चिखलाचा बोटभर धुरा घालते, पाणी अडवते, फोडते, पुन्हा बांधते. तासभर त्याला कुणाची आठवण येत नाही. पहिले मूल शिकते आहे आणि दुसरे वेळ घालवते आहे, असे आपण धरून चालतो. वैद्यकशास्त्र मात्र इतक्या लवकर निकाल देत नाही.

मुलाचा हातच पाहा. मनगटात आठ छोटी हाडे असतात. जन्मावेळी ती सगळी कूर्चेची, म्हणजे मऊ असतात. तिसऱ्या वर्षाच्या सुमारास त्यांतली दोन-तीनच हाडासारखी होऊ लागलेली असतात. सात हाडांची सुरुवात होईपर्यंत सहावे वर्ष उजाडते. बोटांच्या स्नायूंवर मेंदूचा ताबाही असाच हळूहळू बसतो. साधारण तीन वर्षांचे मूल पाहून गोल काढते, चार वर्षांचे फुली आणि पाच वर्षांचे त्रिकोण. त्रिकोण न जमणाऱ्या हाताकडून पानभर ‘अ’ किंवा ‘ए’ गिरवून घेतला, तर हात दुखतो, पेन्सिल चुकीची धरायची सवय लागते आणि मुख्य म्हणजे वहीची भीती बसते. शाळेच्या दिवशी सकाळी दुखणारे आणि रविवारी न दुखणारे पोट यामागे कधी कधी हीच भीती असते.

मुलाच्या गतीने, मुलाच्या निवडीने शिक्षण व्हावे, हा विचार जगभर पोहोचवला तो एका डॉक्टरनेच. मारिया मॉन्टेसरी १८९६ मध्ये रोममध्ये डॉक्टर झाल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी त्यांनी रोमच्या सॅन लॉरेन्झो या गरीब कामगारवस्तीत ‘बालगृह’ सुरू केले. शिकवण्याआधी त्या पाहत बसल्या, जसा डॉक्टर रुग्णाला तपासण्याआधी न्याहाळतो. एक चिमुरडी लाकडी दट्ट्या योग्य त्या भोकांत बसवत होती. तिने ते काम चाळीसहून अधिक वेळा केले, तेही कुणी न सांगता. या वयात एकाग्रता नसते, हा समज तिथे मोडला. मूल स्वतः निवडलेल्या कामात रमते. आपण लादलेल्या कामात चुळबुळते.

‘हे श्रीमंतांच्या शाळांचे झाले,’ असे कुणी म्हणेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रानेच दिले आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम केले आणि १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणाऱ्या मुलीसाठी शाळेलाच पाळणाघर जोडले गेले. मुलाने शाळेसारखे व्हावे, असा हट्ट नव्हता. शाळाच मुलासारखी झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगावी पोहोचली. आज तिला ‘खिचडीची शाळा’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना तिचे हे मूळ ठाऊक नसते.

या पद्धतीची तत्त्वे मोजकीच आहेत. वस्तू मुलाच्या हाताला येतील अशा ठेवायच्या आणि काय घ्यायचे ते त्याला ठरवू द्यायचे. आधी हाताने करणे, मग चिन्ह. म्हणजे आधी पाच चिंचोके, मग ‘५’ हा आकडा. एकच काम पुन्हा पुन्हा करू द्यायचे. चूक त्याची त्याला कळू द्यायची: लोट्यातले पाणी सांडले की पुढच्या वेळी हात आपोआप सावरतो. आणि बोलायचे ते घरच्या भाषेत, मग ती झाडीबोली असो की गोंडी. ओळखीच्या शब्दांवरच नवे शब्द चढतात.

याला पुरावा आहे का? अमेरिकेतील मिलवॉकी शहरात मॉन्टेसरी शाळेत चिठ्ठीने प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाच वर्षांची मॉन्टेसरी मुले वाचनपूर्व कौशल्यांत आणि गणितात पुढे होती, सोबत्यांशी वागण्यातही. एका शाळेच्या अभ्यासावरून सगळे ठरत नाही. पण लवकर गिरवले नाही म्हणून मूल मागे पडते, ही भीती मात्र त्यातून दिसत नाही.

मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणे नव्हे. बांधीतले पाणी मोकळे असते ते धुऱ्यांच्या आत. बोडी, विहीर, विजेची तार, फवारणीचे औषध यांपासून मूल दूर आणि मोठ्यांच्या नजरेत हवे. तीन वर्षांखालील मुलाच्या हाती चिंचोके, हरभरे, शेंगदाणे देऊ नयेत. ते नाकात किंवा श्वासनलिकेत जातात. त्या वयाला वाटी-चमचा, कापडाच्या घड्या, पीठ मळणे पुरे. मोबाइल देणे म्हणजे मोकळीक नव्हे, कारण तिथे हात थांबतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासाहून जास्त पडदा नको आणि हालचाल, खेळ किमान तीन तास हवा.

‘आपल्या गतीने शिकेल’ म्हणत काही गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष करू नये. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, येत असलेले शब्द विसरू लागले असेल, तर वाट न पाहता तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये.

नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीचे वय सहा वर्षे धरले आहे. तोवरची तीन वर्षे हात, जीभ आणि मन घडवण्याची आहेत. संध्याकाळी मूल परतले की ‘आज काय लिहिलं?’ असे न विचारता ‘आज काय काय केलं?’ असे विचारावे. आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.