धूर जाळणारी चूल

दोन ढलपे घ्यायचे आणि एकमेकांवर आपटायचे. टणकन आवाज आला तर ते चुलीत जायला तयार. बद्द आवाज आला तर आत अजून पाणी आहे, पुन्हा माळ्यावर. भोर तालुक्यातल्या आमच्या घरी ही पारख मला शेजारच्या मावशींनी शिकवली. नवी चूल आणून दोन महिने डोळे चोळून झाल्यावर. जुन्या चुलीला लाकडाची एवढी पारख लागत नसे. ओंडक्याचं एक टोक आत, दुसरं बाहेर. ओलं निघालं तर फुंकणी घ्यायची आणि ठसकत राहायचं. नव्या चुलीला अंगठ्याएवढे तुकडे लागत, तेही खडखडीत वाळलेले.

ही चूल म्हणजे पत्र्याची एकात एक बसवलेली दोन नळकांडी. आतलं तुकड्यांनी भरायचं आणि वरून पेटवायचं. आयुष्यभर खालून जाळ घातलेल्या हाताला हे पटत नाही. पहिले काही दिवस मी काडी लावून खाली वाकून बघत असे, पेटलं की नाही ते.

लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण डोळ्यांना दिसणारी ज्वाळा लाकडातून निघालेल्या वायूंची असते. आच लागली की आधी आतलं पाणी उडतं. दोनशे-अडीचशे अंशांच्या पुढे लाकूड फुटू लागतं आणि त्याच्या वजनाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वायू आणि वाफा होऊन बाहेर पडतो. मागे राहतो तो कोळसा. हे वायू नीट जळायला सहाशे अंशांच्या वर उष्णता हवी आणि नेमक्या जागी हवा हवी. दोन्हींतलं एक कमी पडलं की ते थंड होतात, आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. रानातून तोडून, डोक्यावर वाहून आणलेल्या जळणाचा एक वाटा असा न जळताच आढ्याला लागतो. वाटेत बाईच्या छातीतून जातो.

वरून पेटवलेल्या चुलीत विस्तव थराथराने खाली सरकतो. खालच्या तुकड्यांतून निघालेला वायू वरच्या लालबुंद कोळशातून चढतो आणि तोंडाशी असलेल्या भोकांतून तापलेली हवा मिळून पेट घेतो. त्या भोकांपाशी ज्वाळांचं कडं उभं राहतं. पहिल्यांदा ते जमलं त्या सकाळी मी चहाचं पातेलं उचलून बूड बघितलं. काजळीचं बोटही उमटलं नाही. चूल पेटवून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

ही कल्पना आपल्याला अगदी परकी नाही. भुशाची शेगडी आठवून पाहा. मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, बाटली अलगद ओढून काढायची, की मधल्या पोकळीतून जाळ तासन् तास चालत असे. दिवाळीत पहाटे अभ्यंगस्नानाचं पाणी तापवणारा तांब्याचा बंबही त्याच घरातला: मधे नळी, भोवती पाणी, खाली जाळी, जाळीखाली राख आणि हवेची वाट. करवंट्या आणि नारळाची सोडणं घातली की बंब घुमायला लागायचा. तो आवाज म्हणजे नळीने हवा ओढल्याची खूण. ज्यांनी बंब पेटवला आहे त्यांना नवी चूल लवकर समजते, असा माझा अनुभव आहे.

ओल्या लाकडाने नुकसान होतं ते नेमकं कुठे, याचा हिशेब मी एकदा मांडला. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. एक किलो घेतलं तर अर्धा किलो कोरडं लाकूड, त्याची उष्णता सुमारे 2,200 किलोकॅलरी. उरलेलं अर्धा लिटर पाणी उडवायला लागतात तीनशेच्या आसपास. म्हणजे सातवा हिस्सा. एवढ्याने चूल उपाशी मरायला नको. पण पाणी उडत असेपर्यंत जाळाची आच खाली राहते, वायू सहाशेपर्यंत पोचत नाहीत आणि सगळा धूर होतो. खरा तोटा तिथे आहे. म्हणून बाभळीचं कोरडं लाकूड निखाऱ्याला कितीही गुणी असलं, तरी पावसात भिजलेल्या बाभळीपेक्षा घरात ठेवलेल्या पऱ्हाट्या-तुराट्या बऱ्या.

आणि इथेच या चुलीचा जाच सुरू होतो. लाकूड फोडायचं, तुकडे करायचे, पावसाळ्याआधी माळ्यावर रचायचे. वैशाखात चार दिवस मी कोयता आणि कुऱ्हाड घेऊन बसते आणि हाताला फोड येतात. एकदा भरलेलं नळकांडं संपत आलं आणि डाळ शिजली नाही, तर मधेच दोन काटक्या सारून भागत नाही. जाळ विझला तर आतला गरम थर पांढऱ्या धुराचा असा लोट सोडतो की जुनी चूल परवडली म्हणावं. स्वयंपाकघरातले कष्ट कमी झाले, पण ते लाकडाच्या राशीकडे सरकले. घरातल्या पुरुषाने ते तुकडे करून दिले नाहीत, तर नवी चूल बाईच्या गळ्यात पडलेलं आणखी एक काम ठरते.

सुधारित चुलींचा आपल्याकडचा इतिहास या गोष्टीला अडखळत आला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या प्रयोगांतून ‘मगन चूल’ निघाली. 1953 मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजूंनी धुराड्याच्या चुलीवर पुस्तिका काढली. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाजवळचा धूर मोजला आणि हा प्रश्न आरोग्याचा आहे हे जगापुढे आलं. त्याच सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. 2002 मध्ये तो थांबेपर्यंत तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. वाटलेल्या चुली आणि पेटत्या चुली यांत मात्र मोठं अंतर राहिलं.

त्याचं कारण ओडिशातल्या एका अभ्यासात फार स्वच्छ दिसतं. एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन आणि रेमा हॅना यांनी सुमारे 2,600 कुटुंबांचा काही वर्षं माग ठेवला. पहिल्या वर्षी बायकांच्या श्वासातला धूर कमी झाला. नंतर फरक उरला नाही. चुली भेगाळल्या, डागडुजी झाली नाही, वापर घटला. मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरी गवंड्याने बसवलेल्या दुहेरी वैलाच्या मातीच्या चुलीचं हेच झालं होतं. धुराड्याच्या पाइपात बोटभर काजळी धरली, ओढ कमी झाली आणि धूर तोंडातून परत येऊ लागला. बांबूच्या टोकाला गोणपाट बांधून पाइप साफ करायचा, दर महिन्याला, एवढीच गोष्ट. ती कोणाची हे ठरलं नव्हतं, म्हणून कोणीच केली नाही.

ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात पाचशेवर कुटुंबांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. धुराड्याच्या चुलीने तान्ह्या मुलांच्या एकूण न्यूमोनियात ठाम म्हणावी अशी घट दिसली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला. मी या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी बघते. धूर निम्मा झाला म्हणजे आजार निम्मा होत नाही, म्हणून गॅस सगळ्यांच्या घरी पोचलाच पाहिजे आणि भरलेला सिलिंडर परवडलाही पाहिजे. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 58.6 टक्के कुटुंबंच मुख्यतः स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी होती. बाकीच्या घरांत आज संध्याकाळी लाकूड, पऱ्हाट्या, गोवऱ्या पेटणार आहेत. त्या घरांसाठी चांगली चूल करणं हे दुय्यम काम नाही.

पण ती चूल भाकरीला पास व्हावी लागते. मावशी पहिल्या दिवशी चुलीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “ताई, हिचं तोंड कुठंय? भाकर कुठं फुगवायची?” उत्तर नव्हतं. जुन्या चुलीत निखारे तोंडाशी ओढतात, तव्यावरून उतरलेली भाकरी त्यांच्यासमोर उभी करतात आणि ती टम्म फुगते. वैलावर दूध मंद आचेवर राहतं. वांगं निखाऱ्यात भाजतं. नव्या चुलीने सगळा विस्तव पोटात ठेवला आणि या सगळ्या कामांना दार बंद केलं. कारखान्यात पाणी उकळून चूल तपासली तर यातलं काहीच दिसत नाही.

उपाय मावशींनीच काढला. ज्वाळांचं कडं बसलं की नळकांड्यात कोळसा उरतो. मी तो पाणी मारून झाडांना घालत असे. मावशींनी एका संध्याकाळी मला थांबवलं, चिमट्याने चूल तिरकी धरली आणि लाल निखारे पडवीतल्या जुन्या घमेल्यात ओतले. धूर आधीच जळून गेलेला, नुसती धग. मग परातीत नाचणीचं पीठ ओढून त्यांनी भाकरी थापली, तव्यावर दोन्ही बाजूंनी शेकली आणि घमेल्याच्या कडेला उभी केली. ती फुगू लागली तशी त्यांनी दुसऱ्या उंड्याला हात घातला.