फी न घेता दिलेला वेळ

नवी मुंबईतल्या जुईनगर रेल्वे स्थानकासमोरच्या एका व्यापारी संकुलात ‘इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स’ अशी पाटी आहे. देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं, आयएपीचं, हे मुख्यालय. पूर्वी ते मुंबईत केनेडी ब्रिजजवळ होतं. इथे कुणी मूल तपासत नाही, औषधही लिहून देत नाही. पाटी वाचून तापलेलं लेकरू कडेवर घेऊन कुणी आत शिरलं, तर त्याला परतच फिरावं लागेल. तरीही तुमच्या-माझ्या घरातल्या बाळाच्या जन्मापासून मिसरूड फुटेपर्यंतच्या अनेक गोष्टी या कार्यालयातून निघालेल्या कागदांवर ठरतात.

बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटना १९६३ साली एक झाल्या आणि आयएपी उभी राहिली. पुढच्याच वर्षी ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ हे तिचं नियतकालिक सुरू झालं. आज सदस्य तीस हजारांहून अधिक आहेत. नवी मुंबईशी तिचं नातं केवळ पत्त्यापुरतं नाही. वाशीचे डॉ. विजय येवले २०१४ मध्ये, तर नेरुळचे डॉ. उपेंद्र किंजवडेकर २०२३ मध्ये तिचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. येवलेंच्या वर्षी, २७ मार्च २०१४ रोजी, भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. त्यामागे सरकारी यंत्रणा आणि घरोघर फिरणाऱ्या बायकांची फौज होती हे खरं, पण पालकांच्या मनातली शंका दवाखान्यात बसून दूर करणारे डॉक्टरही होते.

व्यावसायिक संघटनेचा दानधर्म म्हटला की वह्यावाटप, फळवाटप आणि धनादेशासोबतचा फोटो एवढंच डोळ्यांसमोर येतं. बालरोगतज्ज्ञांनी मुलांना दिलेली मोठी गोष्ट वेगळी आहे. त्यांनी आपल्या धंद्याचा वेळ फी न घेता दिला, आणि आपलं कसब दुसऱ्यांच्या हाती सोपवलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे नवजात बाळाला श्वास देण्याचं प्रशिक्षण. जन्मलेल्या दहा बाळांपैकी साधारण एकाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते. मोठे उपचार मात्र शंभरात एकालाही लागत नाहीत. २०२० च्या सरकारी आकडेवारीनुसार देशात दर हजार जन्मांमागे २८ बाळं वर्षाच्या आत दगावत होती आणि त्यातली २० पहिल्या अठ्ठावीस दिवसांतच. बाळ रडलं नाही की त्याला पाय धरून उलटं करायचं, पाठीत धपाटे घालायचे, ही जुनी रीत. ती निरुपयोगी तर आहेच, घातकही आहे. आयएपीने २००९ मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सोबतीने ‘फर्स्ट गोल्डन मिनिट’ हा कार्यक्रम हाती घेतला. पहिल्या एका मिनिटात बाळाचा श्वास सुरू झाला पाहिजे, एवढंच त्याचं सूत्र.

प्रशिक्षणाचं स्वरूप अगदी साधं असतं. टेबलावर रबरी बाळ, शेजारी कोरडी फडकी, हाताने दाबून हवा देण्याची अंबू बॅग आणि छोटा मास्क. भोवती प्रसूतिगृहातल्या नर्स, एएनएम, कधी भूलतज्ज्ञ. बाळ पुसायचं, ऊबदार ठेवायचं, मान किंचित मागे करून श्वासाची वाट मोकळी करायची, पाठ चोळायची. तरी हालचाल नाही, तर मास्क नाकातोंडावर नीट बसवून मिनिटाला चाळीस ते साठ वेळा बॅग दाबायची. मास्क बसवणं सोपं वाटतं, पण कडेने हवा गेली की छाती वर येत नाही, म्हणून तेच पुन्हा पुन्हा करून घेतात. शिकवायला येतो तो डॉक्टर आपली ओपीडी बंद ठेवून. २००९ मध्येच केंद्र सरकारचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमही सुरू झाला, त्यामुळे हे शिक्षण खासगी दवाखान्यांपुरतं राहिलं नाही.

दुसरी गोष्ट मिळकतीला झळ लावणारी होती. डबाबंद दुधाच्या कंपन्या डॉक्टरांच्या परिषदांचा खर्च उचलत आणि बाळाच्या तोंडी आईच्या दुधाआधी डबा जाई. १९९२ साली बाळांच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा आला. आयएपीने या कंपन्यांची मदत नाकारण्याची भूमिका घेतली. २००३ च्या दुरुस्तीने तर डॉक्टरांच्या संघटनांना असं प्रायोजकत्व देणं हाच गुन्हा ठरला. येणारा पैसा नाकारण्याएवढं मोठं दान कुठल्याही संघटनेला क्वचितच जमतं.

लसींच्या बाबतीत मात्र माझं मन तितकं मोकळं नाही. सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या लसींची यादी वेगळी आणि आयएपीची वेगळी. कांजिण्या, हिपॅटायटिस ए, टायफॉइड, फ्लू या लसी दुसऱ्या यादीत आहेत आणि त्यांचे पैसे पालकांना मोजावे लागतात. शास्त्र म्हणून ती यादी बरोबर असेलही. पण ज्याच्या दवाखान्यात लस टोचली जाते त्याच्याच संघटनेने यादी करावी, यावर प्रश्न उठणारच. याचं एक उत्तर नवी मुंबईनेच दिलं. २०१८ मध्ये महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखाहून जास्त मुलांना टायफॉइडची नवी संयुग्म लस मोफत टोचली. सार्वजनिक यंत्रणेमार्फत या लसीची मोहीम जगात पहिल्यांदा झाली ती इथेच. पैसेवाल्याच्या यादीतली लस झोपडपट्टीतल्या मुलाच्या दंडापर्यंत पोहोचवायची, तर वाट हीच.

मोठ्या मुलांकडे संघटनेचं लक्ष उशिरा वळलं. बालरोगतज्ज्ञ म्हणजे छोट्या बाळांचा डॉक्टर, ही समजूत डॉक्टरांमध्येही होती. २००० साली अध्यक्ष असलेल्या डॉ. स्वाती भावे यांनी किशोरवयीनांचं आरोग्य हा विषय लावून धरला. किंजवडेकरांच्या काळात ‘संकल्प संपूर्ण स्वास्थ्य’ सुरू झालं: डॉक्टरांनी शाळेत जायचं आणि आहार, झोप, खेळ, व्यसन, मोबाइल यांवर बोलायचं. दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा दाखवूच नका आणि पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराच्या आत ठेवा, ही आयएपीची शिफारसही आहे. घास भरवताना हातात मोबाइल देणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ती रुचेल, ते सांगायला नको.

घरात लवकरच बाळ येणार असेल, तर प्रसूतिगृहात नाव नोंदवताना खोलीला एसी आहे का, हे जरूर विचारा. त्याआधी मात्र विचारा: बाळ रडलं नाही तर अंबू बॅग कोण हाती घेणार, आणि त्या व्यक्तीने तिचा सराव शेवटचा कधी केला?