डेंटिनमधील पाणी आणि दातात भरलेले सिमेंट

डेंटिनचा ओलावा

एनॅमलखालचा पिवळसर, किंचित लवचीक थर म्हणजे डेंटिन. त्याच्या आकारमानात सुमारे ५० टक्के खनिज, ३० टक्के सेंद्रिय द्रव्य (मुख्यतः कोलॅजेन) आणि २० टक्के पाणी असते. हे पाणी सर्वत्र सारखे नसते. डेंटिनमधील सूक्ष्म नलिका दंतमज्जेजवळ रुंद आणि दाट असतात, एनॅमलकडे अरुंद आणि विरळ होत जातात. त्यामुळे कीड जितकी खोल, तितका खड्ड्याचा तळ ओला. शिवाय जिवंत दातात मज्जेचा दाब नलिकांमधला द्रव सतत बाहेर ढकलतो.

आम्लाचा परिणाम

मायकेल बुओनोकोर यांनी १९५५ मध्ये फॉस्फरिक आम्लाने एनॅमल खरबरीत करून त्यावर रेझिन (दातात भरायच्या सिमेंटमधील प्लास्टिकसारखा पदार्थ) पक्के बसवून दाखवले. एनॅमलमध्ये पाणी फारच थोडे, म्हणून तिथे कोरडेपणा हीच अट पुरते. डेंटिनचे तसे नाही. सुमारे ३७ टक्के तीव्रतेचे आम्ल १५ सेकंद लावले की वरच्या काही मायक्रोमीटरमधील खनिज विरघळते आणि आम्ल धुताना त्याची जागा पाणी घेते. उरलेले कोलॅजेनचे जाळे या पाण्याच्याच आधाराने उभे असते. हवेच्या झोताने ते फार सुकवले, तर पाण्याबाहेर काढलेल्या शेवाळाप्रमाणे त्याचे तंतू एकमेकांना चिकटतात आणि रेझिनला शिरायला वाट राहत नाही.

ओले बाँडिंग

रेझिन आणि कोलॅजेन एकमेकांत गुंतून बनणाऱ्या ‘संकरित थरा’चे वर्णन नोबुओ नाकाबायाशी यांनी १९८२ मध्ये केले. हा थर नीट बनावा म्हणून पृष्ठभाग हलका ओलसर ठेवण्याची पद्धत पुढच्या दशकात रुळली. बाँडिंगच्या, म्हणजे भरण दाताला चिकटवणाऱ्या, द्रवातील अॅसिटोन किंवा इथेनॉल पाण्याला बाहेर काढते आणि त्याच्या जागी रेझिन नेते. अॅसिटोनयुक्त द्रवाला पृष्ठभाग ओलाच लागतो. ज्या द्रवात स्वतःचे पाणी आहे तो थोडे सुकलेले जाळेही पुन्हा फुलवू शकतो. ओलावा म्हणजे लाळ मात्र नव्हे. लाळेतील प्रथिने पृष्ठभागावर बसतात आणि पकड बिघडवतात.

स्वयंआम्ल द्रव

बाँडिंगच्या काही द्रवांत आम्लधर्मी रेझिन आधीच मिसळलेले असते. वेगळे आम्ल लावणे-धुणे टळते. त्या रेझिनचे आयनीभवन व्हायला पाणी हवेच, म्हणून ते बाटलीतच घातलेले असते. काम झाल्यावर तेच पाणी हवेने उडवावे लागते. हे सुकवणे अनेकदा घाईत उरकले जाते, आणि अनेक भरणांचा कमकुवतपणा तिथेच सुरू होतो.

तेल्हाऱ्याचा संदर्भ

अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुका उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी टेकतो आणि दक्षिणेला पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, उतरतो. वारीच्या हनुमान सागर धरणाचे, म्हणजे वान नदीचे, गोडे पाणी आज अनेक गावांना मिळते. पाण्याचा खारेपणा आणि त्यातील फ्लोराइड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खारट पाण्याने बाँडिंग बिघडते असे समजण्याचे कारण नाही. फ्लोराइड मात्र दात घडताना खनिजात शिरते. पेयजलातील त्याची कमाल मर्यादा लिटरमागे १.५ मिलिग्रॅम आहे. त्याहून बरेच जास्त फ्लोराइड बालपणी पोटात गेले असल्यास दाताचा बाह्य थर आम्लाला सहज दाद देत नाही आणि आम्लाचा वेळ वाढवावा लागतो. अक्कलदाढ सोडल्यास कायमच्या दातांचे शीर्ष साधारण आठव्या वर्षापर्यंत घडून होते. गोड्या पाण्याचा नळ नंतर आला तरी हा फरक मिटत नाही.

मर्यादा

रेझिन सगळे पाणी कधीच हटवत नाही. उरलेल्या पाण्यात रेझिनचे जलविघटन होते, आणि रेझिनने न वेढलेले कोलॅजेन डेंटिनमधीलच विकरे हळूहळू तोडतात. ही विकरे रोखण्यासाठी क्लोरहेक्झिडिन वापरून पाहिले गेले; त्याने झीज मंदावते, थांबत नाही. कडेला एनॅमल शिल्लक असेल, तर ती कड आतल्या सांध्याला बाहेरच्या पाण्यापासून बऱ्याच अंशी झाकते. हिरडीखाली, मुळाकडे उतरलेल्या खड्ड्याला अशी कड नसते, म्हणून तोच द्रव आणि तेच सिमेंट वापरूनही तिथले भरण लवकर सुटते.